गोड्या पाण्यातली बोट आणि हिरवे फ्यूज

मी लोधिवलीची. कर्जतच्या आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स केला आणि आता खालापूरजवळच्या एका रिसॉर्टवर मेंटेनन्सला आहे. खोल्यांची वायरिंग, गिझर, स्विमिंग पूलची मोटर हे सगळं मला जमतं. बोटीचं काम माझ्याकडे आलं ते केवळ दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

रिसॉर्ट धरणाच्या पाण्याला लागून आहे. पाहुण्यांना फिरवायला मालकांनी दोन वर्षांपूर्वी किनाऱ्यावरून एक जुनी फायबरची बोट आणली. शनिवार-रविवार ती पाण्यात, एरवी ट्रॉलीवर शेडमध्ये. पावसाळा सरल्यावर बाहेर काढली, तर आत साचलेलं पाणी उपसायचा पंपच चालू होईना. ड्रायव्हरच्या सीटखाली फ्यूजचा डबा होता, तो उघडला. मोटारीत असतात तसेच फ्यूज, पण त्यांचे पाय हिरव्या भुकटीनं माखलेले. एक ओढला तर त्याचा पाय तुटून आतच राहिला.

समुद्रातून आलेली बोट, अंगात मीठ असणारच, असं मी धरून चालले. खालापूरला स्टँडजवळ एका चाचांचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ते मूळचे किनाऱ्याकडचे, वडलांचा मासेमारीचा मचवा होता म्हणे. त्यांच्याकडून नवा डबा आणि नवे फ्यूज आणले. जुन्या फ्यूजवर जे आकडे होते तेच बघून बसवले. पंप चालला.

महिना झाला नाही तोच पुन्हा सगळं हिरवं. मला काही कळेना. धरणाचं पाणी गोडं, डबा नवा, समुद्र कधीचा मागे राहिलेला. मग मीठ आलं कुठून? दोन दिवस तो डबा टेबलावर घेऊन बसले. मॅनेजर म्हणाले, माल डुप्लिकेट असेल. ते मला लगेच पटलं, कारण दुसरं काही सुचतच नव्हतं. तशीच डबा घेऊन दुकानात गेले आणि दोन गिऱ्हाइकांदेखत चाचांना म्हणाले, "माल खोटा हाय तुमचा."

चाचांनी डबा हातात घेतला, नाकाशी नेला, मग विचारलं, "बोट कुठं उभी असते गं?" मी सांगितलं. शुक्रवारी नमाजानंतर दुकान बंद असतं, तेव्हा येतो म्हणाले.

शेडच्या दारातच त्यांना ठसका लागला. वास येतोय का, असं त्यांनी मला विचारलं. मला येत नव्हता, मी रोज तिथंच वावरणारी. भिंतीलगत पूलच्या क्लोरीनचे ड्रम होते, एकाचं झाकण अर्धवट. त्या बाजूच्या दाराच्या बिजागऱ्या गंजून पोखरलेल्या, दुसऱ्या बाजूच्या धड. हे मी रोज पाहत होते आणि मला दिसलं नव्हतं.

"ह्ये समुद्राचं नाय," चाचा म्हणाले. "हितली हवाच तांबं खाते."

तरी माझ्या डोक्यात शिरेना. आठ-दहा पावलांवरचा ड्रम झाकलेल्या डब्यातल्या फ्यूजला कसा खाईल? त्यांनी मला वायर सोलायला लावली. वीतभर आतपर्यंत तांबं काळं पडलं होतं; ती हवा प्लास्टिकच्या आवरणाखालीही शिरली होती. मग पंपाच्या खाच्यात तीस अँपिअरचा फ्यूज बघून ते थांबले. हा कोणी घातला, म्हणाले. आधी तोच होता, मी म्हणाले.

"आधी व्हता म्हंजे बरोबर व्हता?"

पंपावरची पट्टी पुसून वाचली. तिथं दहाचा फ्यूज लिहिला होता. वायर बारीक, पंप अडकला असता तर फ्यूज उडायच्या आधी वायरच जळाली असती. फ्यूज वायरीला वाचवतो, हे मी परीक्षेत लिहून पास झालेली. घरात अशी चूक मी केली नसती. बोटीत चढल्यावर माझं शिकलेलं कुठं गेलं, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढचे दोन दिवस कामात गेले. काळं तांबं कापून टाकलं. नवा डबा रबरी कडेच्या झाकणाचा घेतला आणि सीटखाली न लावता वर स्टिअरिंगजवळ लावला. सगळ्या वायरी लालच. सोडताना मोबाइलवर फोटो काढले होते, तरी दिव्याचं बटण दाबलं की भोंगा वाजायचा; ते पुन्हा सोडून जोडलं. एका वायरीचं तर दुसरं टोकच सापडलं नाही. चाचांना फोन केला, तर म्हणाले, कळल्याशिवाय जोडू नको, टेप लावून बाजूला ठेव. मॅनेजरनी कुरकुर करत ड्रम पूलजवळच्या उघड्या पडवीत हलवले.

पुढच्या शुक्रवारी बोट तपासायला पाण्यात उतरवली, तेव्हा चाचा बघायला आले. दुकानात बोलले त्याबद्दल मला काहीतरी म्हणायचं होतं, पण ते डब्याचं झाकण उघडून बघण्यात गुंतले होते. मग म्हटलं, बसा चाचा, एक फेरी मारू.

ते दोन पावलं मागं सरले. "नको गं. मी बोटीत बसत नाय."

मला वाटलं, चेष्टा करतायत.

"ल्हानपणापासून पोटात ढवळतं," ते म्हणाले. "बापानं लय खटपट केली. शेवटी मी डोंगराकडं येऊन दुकान टाकलं."

मी एकटीच बोट घेऊन निघाले. मधे जाऊन दिवे लावले, भोंगा वाजवला, पंप सुरू केला. पंपानं पाण्याची बारीक धार बाहेर टाकली. काठावर चाचा पाय जमिनीत घट्ट रोवून उभे होते, आणि एकेक गोष्ट चालू झाली की हात वर करत होते.