सरदार काकूंचा पठाण

सरदार काकूंच्या हाती बटाटे लागले की त्यांची फौज व्हायची. लंडनच्या दक्षिणेला, क्रॉयडनच्या त्यांच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्यावर एका बाजूला बटाटे मांडले जात, ते मुघल. समोर मूठभर लसणीच्या पाकळ्या, ते शीख. मधे पोळपाट म्हणजे अमृतसर. गुरूंच्या जागी मात्र त्या काहीच ठेवत नसत. पोळपाटामागे वीतभर जागा मोकळी सोडायच्या, आणि मी तिथे चुकून चहाचा कप टेकवला तर लगेच उचलायला लावायच्या. "गुरूंचं सोंग कुणी घ्यायचं नसतं," त्या म्हणत. "भाजीनंसुद्धा नाही."

लसणीच्या पाकळ्यांत एक कांदा असे. तो पठाण. सहाव्या गुरूंनी लहानाचा मोठा केलेला, अंगापिंडानं दांडगा, धर्मानं मुसलमान, आणि अमृतसरच्या लढाईत बादशहाच्या फौजेविरुद्ध गुरूंच्या बाजूनं लढलेला. "कांदाच का?" मी विचारलं होतं. "अरे, पुढं हाच गुरूंवर उलटतो आणि त्यांच्याच हातून मरतो. मरताना त्याच्या तोंडावर ऊन येतं, तर गुरू आपल्या ढालीची सावली धरतात. आता सांग, डोळ्यांत पाणी आणणारं दुसरं काय आहे माझ्या घरात?" एवढं बोलून त्यांनी पठाण चिरला, फोडणीला टाकला, आणि त्या दिवशी आम्ही मुघल फौजेचा रस्सा जेवलो.

काकू मूळच्या नागपूरच्या. सरदारजींशी लग्न करून इंग्लंडला आल्या, म्हणून इथल्या मराठी मंडळात त्यांचं नाव सरदार काकू. मी पुण्याहून नोकरीच्या व्हिसावर येऊन त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहू लागलो तेव्हा सरदारजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात काकू आणि त्यांचा मुलगा जस्सी. जस्सी तिथेच जन्मलेला, पगडी बांधणारा, एका इन्शुरन्स ऑफिसात कामाला. आईशी मराठी बोलायचा, पण व्याकरण वाऱ्यावर सोडून.

काकू एका जागी टिकत नसत. एका वाक्यात तीनदा उठायच्या. त्यामुळे लढाईही घरभर फिरायची. बादशहाच्या शिकारी ससाण्यावरून भांडण पेटायचं ते स्वयंपाकघरात. गुरूंच्या मुलीच्या लग्नाची मिठाई मुघल सैनिक फस्त करायचे ते जिन्यात. आणि लढाईच्या धांदलीत ती नवरी मुलगीच वाड्यात मागे राहिली आहे हे कळायचं कचऱ्याचा बिन रस्त्यावर नेऊन ठेवताना. मग थंडीत कुडकुडत मी विचारायचो, "मग काढली का तिला बाहेर?" आणि काकू तोवर शेजारणीशी बोलायला लागलेल्या असायच्या.

माझं लहानपण पत्रकांत गेलं. वडील चळवळीतले. घरात खेळण्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. मीही दर शनिवारी ईस्ट क्रॉयडन स्टेशनबाहेर उभा राहून पत्रकं वाटायचो, कधी युद्धाच्या विरोधात, कधी व्हिसा ऑफिसच्या कारभाराविरुद्ध. प्रत्येक पत्रक आधी काकूंना दाखवायचो. त्या चष्मा न लावता, हात लांब करून वाचायच्या. "फार ओरडून राहिला रे तुझा कागद. यात माणूस कुठं आहे?"

२००५च्या जुलैत लंडनच्या गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर काही दिवसांनी ट्राममध्ये एकानं जस्सीची पगडी ओढली आणि त्याच्या अंगावर थुंकला. डबा भरलेला होता. कुणी काही बोललं नाही. जस्सी घरी आला, सरळ वर गेला, बराच वेळ नळ वाहत राहिला. काकू जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. वर गेल्या नाहीत, खालीही बसल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात जस्सीच्या कोटावर एक बिल्ला दिसला. इंग्रजीत लिहिलं होतं: मी शीख आहे, मुसलमान नाही.

"काढ ते," काकू म्हणाल्या.

"आई, मी काय चूक केला? खरं तर लिहिला आहे!"

"केली. चूक केली." रागातही त्यांनी लिंग दुरुस्त केलं. "खरं आहे, पण त्याचा अर्थ काय होतो? थुंकायचं असेल तर थुंका बाबांनो, फक्त तुमचा पत्ता चुकला, शेजारच्या घरी जा. असंच ना?"

"तू ट्राममध्ये नव्हती, आई."

काकूंनी फडकं उचललं. त्या स्वच्छ ओटा पुन्हा पुसू लागल्या. मी मधे पडलो, म्हणालो की काकूंचं तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे आणि मी यावर पत्रक काढणार आहे. जस्सीनं माझ्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. "तू काढ ना. तुझ्या डोक्यावर काय आहे? हेअर जेल!"

तेव्हा काकूंच्या रविवारच्या मराठी वर्गात दिवाळीच्या नाटकाची तयारी चालू होती. लंडनच्या दुसऱ्या टोकाला, पिनरच्या एका हॉलमध्ये मंडळाचा कार्यक्रम व्हायचा आणि काकूंनी त्यासाठी अमृतसरची लढाईच लिहिली होती. गुरू रंगमंचावर येणार नव्हते, फक्त त्यांचे सैनिक. एक तरी पगडी खरी हवी म्हणून जस्सीला सैनिकांचा पुढारी केलं होतं. बाकी सगळी मुलं. तालमीत रोज गोंधळ.

"काकू, माझा तलवार वाकला!"

"माझी तलवार वाकली."

"तुमची पण?"

बिल्ल्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. जस्सी तालमीला यायचा, बिल्ला कोटावर असायचा, आणि काकू त्याच्या खांद्यावरून भलतीकडे बघत सूचना द्यायच्या. अशात एक दिवस मंडळाचे अध्यक्ष घरी आले. भला माणूस, आवाज नेहमी खालचा. "काकू, लढाई फर्स्ट क्लास आहे. तो पठाण तेवढा काढता येईल का? ज्या मुलाला ते काम दिलंय, त्याच्या घरचे नको म्हणताहेत. वातावरण तुम्ही बघताच. साधं ठेवू या ना. शीख विरुद्ध मुसलमान, लोकांना पटकन समजतं."

"शीख विरुद्ध मुघल."

"हो, तेच ते."

"तेच ते नाही, म्हणून तर पठाण आहे, बाप्पा."

"अहो, पण मग ते काम करणार कोण?"

"मी," काकू म्हणाल्या आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला उठल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी काकूंनी सरदारजींचा जुना पठाणी सदरा घातला, डोक्याला शाल गुंडाळली आणि मिशी लावली. मी विंगेत संहिता धरून उभा होतो. जस्सी सैनिकाच्या वेशात आला तेव्हा अंगरख्यावर तो बिल्ला होता. कोटावरचा काढून त्यानं मुद्दाम इथं लावला होता. प्रेक्षकांत कुणाच्या लक्षात आलं नसावं. काकूंच्या आलं. मुघल मुलं ओरडत आत शिरली. इथे पठाणानं सैनिकाला म्हणायचं होतं, "तू डावीकडे बघ, उजवीकडे मी आहे." काकू तेवढं बोलल्या. मग थांबल्या. बिल्ल्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "भाऊ, इथं 'नाही' म्हणून लिहिलंय, तो मीच ना?"

हॉलमध्ये हशा पिकला. मिशीतल्या काकू, त्यांचं ते नागपुरी 'भाऊ', लोकांना विनोदच वाटला. मग पुढच्या रांगांतल्यांना बिल्ला वाचता आला आणि हसणं पुढून मागे विझत गेलं. जस्सीला वाक्य आठवेना. मी विंगेतून दोनदा सांगितलं, त्यानं ऐकलं नाही. शेवटी त्यानं बिल्ला उपसून काढला. अंगरख्याला खिसा नव्हता. म्हणून तो बिल्ला उजव्या मुठीत घट्ट धरून, तलवार डाव्या हातात घेऊन, आईच्या पाठीला पाठ लावून सबंध लढाई लढला. फार वाईट लढला. टाळ्या मात्र पुष्कळ पडल्या.

मी हवेत होतो. परतीच्या ट्रेनमध्येच पत्रकाचा मथळा माझ्या डोक्यात तयार होता. जगात तत्त्व जिंकतं, आणि ते मी पिनरमध्ये माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जस्सी ऑफिसला निघाला. बिल्ला टेबलावर पडलेला होता. दार लागल्याचा आवाज आला आणि काकू हातातली पोळी तव्यावर टाकून, बिल्ला घेऊन, चपला न घालता रस्त्यावर धावल्या. मी दारातून पाहत होतो.

"जस्सी! अरे, हे राहिलं. आज लाव. निदान ट्रामपुरतं लाव रे."

जस्सी थांबला. हसला की नाही, मला दिसलं नाही. "नको, आई. आता मलाच नको," तो म्हणाला आणि गेला.

मला काकूंचा राग आला. आत येऊन मी म्हणालोसुद्धा, "काल एवढं सगळं बोललात आणि आज तुम्हीच मागे फिरता?" घरात पोळी करपल्याचा वास भरला होता. काकूंनी खिडकी उघडली, पुन्हा लावली, पुन्हा उघडली.

"तत्त्व माझं आहे रे," त्या म्हणाल्या. "डोकं त्याचं आहे."

मी ते पत्रक लिहायला बसलो आणि हे वाक्य त्यात कुठे घालावं ते मला कळेना. मथळ्याखाली घातलं तर मथळा टिकत नव्हता. शेवटी घातलं तर वरचं सगळं खोटं वाटत होतं. बिल्ला चूक होता असं मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो, आणि काकूही कधी वेगळं बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून संध्याकाळी त्या ट्रामच्या स्टॉपवर जाऊ लागल्या. पावसात, बर्फात. जस्सी चिडायचा, मित्र हसतात म्हणायचा. काकू म्हणायच्या, "मी दूध आणायला आले होते." घरात नासू लागेल इतकं दूध साठलं.

पुढच्या वर्षी माझा व्हिसा संपला. निघायच्या दिवशी संध्याकाळी काकू मला स्टॉपपर्यंत सोडायला आल्या. डब्यात पराठे दिले, मफलर नीट कर म्हणाल्या, पोचल्यावर फोन कर म्हणाल्या. माझी ट्राम आली. मी बॅगा चढवल्या, काचेला तोंड लावून हात हलवू लागलो. तेवढ्यात पलीकडच्या रुळावर गावातून येणारी, जस्सीच्या वेळेची ट्राम येऊन थांबली. काकूंनी माझ्याकडे पाठ केली होती, आणि टाचा उंचावून त्या तिच्यातून उतरणारं एकेक डोकं पाहत होत्या.