अठ्ठेचाळीस किलोंचा चॅम्पियन

माझ्या एका मित्राचा मी जवळजवळ दहा वर्षं मत्सर केला, आणि त्याला कारण तीन किलो वजन. आज कुणाला सांगितलं तर हसतात. तेव्हा मला हसू येत नव्हतं.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या मधली. नाशिकरोडला आमच्या वसाहतीत बुद्धविहारामागे मोकळं मैदान होतं. लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार तिथे संध्याकाळी आम्हा दहाबारा जणांना बॉक्सिंग शिकवायचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. माझे वडील कारकून, घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती. मित्र चेहेडीच्या मळ्यातला. त्याच्या घरी झेंडू आणि शेवंती व्हायची. सकाळी सायकलवर फुलांच्या पाट्या बाजारात टाकून तो कॉलेजला यायचा, संध्याकाळी मैदानावर. तरी दमलेला कधी दिसायचा नाही. याचाही मला तेव्हापासूनच थोडा राग होता.

आम्ही दोघंही एक्कावन्न किलोंचे. जिल्हा स्पर्धेच्या महिनाभर आधी सरांनी आम्हाला बाजूला घेतलं.

"एका वजनात आपला एकच जाणार," ते म्हणाले. "दुसऱ्याने अठ्ठेचाळीसला उतरायचं. कोण उतरतो?"

मी लगेच म्हणालो, "सर, मी एक्कावन्नच खेळतो."

अठ्ठेचाळीस हे हाडकुळ्या पोरांचं वजन, असं माझं मत होतं. मित्राने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मी उतरतो."

म्हणजे निवड माझी होती. हे मी पुढे कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही.

त्याने वजन उतरवलं ते मी रोज बघत होतो. खताच्या गोणीतलं प्लास्टिक शर्टाच्या आत गुंडाळून तो भर उन्हात दारणेच्या पुलापर्यंत पळायचा. शेवटचे दोन दिवस पाणी बंद. बोलताना त्याचे ओठ एकमेकांना चिकटायचे. वजनाच्या आदल्या दिवशी तो आमच्या घरी आला तेव्हा मी मटणाचा रस्सा आणि भाकरी खात होतो. आईने त्याला पान वाढायला घेतलं. "नको मावशी, उद्या," तो म्हणाला आणि माझं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिला. मी मुद्दाम सावकाश जेवलो.

दुसऱ्या दिवशी एका धान्यवाल्याच्या काट्यावर सगळ्यांचं वजन झालं. अठ्ठेचाळीसमध्ये दोनच नावं होती. दुसरा खेळाडू अर्धा किलो जास्त भरला आणि बाद झाला. मित्र ग्लोव्हजही न घालता जिल्ह्याचा चॅम्पियन झाला. माझ्या वजनात आठ जण होते. दोन दिवसांत मी तीन लढती खेळलो. फायनलला इगतपुरीच्या एका रेल्वेवाल्याने माझी भुवई फोडली आणि मी हरलो.

मित्राची आई मळ्यातून शेवंतीचे दोन हार घेऊन आली होती. एक तिने त्याच्या गळ्यात घातला, दुसरा माझ्या. "तू तर खेळला रे बाबा," ती मला म्हणाली. "हा नुसताच उभा राहिला." तिने मनापासून म्हटलं होतं. बाहेर आल्यावर मी तो हार काढून एका बकरीपुढे टाकला.

त्यानंतर तो राज्य स्पर्धेला गेला. तिथे अठ्ठेचाळीसमध्ये सहाच जण. पहिल्या फेरीत त्याला बाय मिळाली, म्हणजे न खेळताच पुढची चाल, सेमीफायनलला तो हरला, आणि सेमीफायनल हरलेल्या दोघांना ब्राँझ द्यायची पद्धत होती. एकही लढत न जिंकता तो राज्याचं पदक घेऊन आला. त्या पदकावर त्याला एका कारखान्यात खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागली. मी परीक्षा देऊन दिंडोरीला तालुक्याच्या कचेरीत चिकटलो आणि रोज एसटीने जाऊ-येऊ लागलो. माझी आई शेजारणींना सांगायची, "आमच्या ह्याचा मित्र, पेपरात फोटो आला बघा." मी आत बसून ऐकायचो.

देवळाली कॅम्पातल्या एका रद्दीवाल्याकडे इंग्रजी क्रीडा मासिकं यायची. ती मी डिक्शनरी घेऊन वाचू लागलो. त्यात व्यावसायिक बॉक्सिंगचे वाद असायचे. पूर्वी जगात आठच वजनं होती, आठ वजनांचे आठ चॅम्पियन. मग दोन वजनांच्या मध्ये 'सुपर' आणि 'ज्युनियर' अशी नवी वजनं घुसवत गेले. त्यात संघटना दोन, प्रत्येकीचा चॅम्पियन वेगळा. कोण खरा, कोण खोटा, कुणालाच पत्ता नाही. वाचताना मला वाटायचं, हे माझ्यासाठीच लिहिलंय. दोन वजनांत तीन-तीन किलोंचं अंतर ठेवायचं आणि प्रत्येक पायरीवर एकेक चॅम्पियन बसवायचा, हा कसला खेळ? वजनं कमी करा, नव्याने आखा, म्हणजे खरा कोण ते कळेल. मी हे टपरीवर, मैदानावर, एसटीत सांगत सुटलो.

एकदा सरांनी सगळं ऐकून घेतलं. "त्या लोकांचा धंदा आहे," ते म्हणाले. "चॅम्पियनचे पट्टे जास्त, तेवढी तिकिटं जास्त. तुझं म्हणणं खोटं नाही. पण लहान चणीच्या माणसाने कुठं जायचं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सत्तावन्न किलोंच्या एकासमोर उभं केलं. पहिल्याच मिनिटात माझं नाक फुटलं.

"समजलं?" सरांनी विचारलं.

"समजलं," मी म्हणालो. मत काही बदललं नाही.

मित्रासमोर मी हा विषय कधी थेट काढला नाही. त्याने एकदाच विचारलं, "तू सगळीकडे अठ्ठेचाळीस किलो बंद करा म्हणतो, ते माझ्याबद्दल का?" मी म्हणालो, "नाही रे, तत्त्वाची गोष्ट आहे." तो म्हणाला, "हां, मग ठीक."

ऐंशीच्या दशकात मी जिल्हा बॉक्सिंग मंडळाचा सेक्रेटरी झालो, कारण मला टायपिंग येत होतं. खेळाडू कमी होत चालले होते. अर्ध्या वजनांत एकेकच नाव यायचं, प्रेक्षक चिडायचे. मी दोन पानांची टिपणी टाईप केली: जिल्हा स्पर्धेपुरती बारा वजनांची आठ करावीत, अठ्ठेचाळीस आणि एक्कावन्न एकत्र करावीत. एकेक मुद्दा बिनतोड होता. कमिटीने एका बैठकीत मान्य केलं. सरांनी मात्र टिपणी वाचून अठ्ठेचाळीसच्या ओळीवर बोट ठेवलं आणि कागद मला परत दिला.

त्या वर्षी मी स्वतः नाव दिलं. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, मित्रही. सेक्रेटरीने खेळू नये असा नियम नव्हता. नियम लिहिणारा मीच होतो.

वजनाच्या सकाळी मित्र मिसळ खाऊन आला. काट्यावर साडेअठ्ठेचाळीस भरला, मी एक्कावन्नला शंभर ग्रॅम कमी. खाली उतरून तो मला म्हणाला, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा वजनाच्या दिवशी पोटभर खाल्लं. तुझ्यामुळे." त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

फायनलला आम्हीच दोघं समोरासमोर आलो. पहिल्या राउंडला तो माझ्या हाती लागलाच नाही. दुसऱ्यात मी त्याला दोरांवर रेटलं, अंगावर अंग टाकलं आणि बरगड्यांवर मारत राहिलो. माझा एकेक ठोसा त्याला हलवत होता; त्याचे चार लागले तरी मी जागचा हलत नव्हतो. तीन किलो म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तिसऱ्यात त्याचा उजवा हात खाली आला, तरी तो पुढेच येत राहिला. पाचापैकी तीन पंचांनी मला दिलं.

रेफरीने माझा हात वर केला आणि मैदान उठून उभं राहिलं, पण त्याच्यासाठी. "हलका असून काय खेळला!" मागून कुणीतरी ओरडलं. माझी आई पाण्याचा तांब्या घेऊन रिंगपाशी आली आणि आधी त्याच्याकडे गेली. मी हात वर करून उभा होतो, आणि ज्याला हरवलं त्याचाच मला पुन्हा मत्सर वाटत होता.

त्याच्या दोन बरगड्यांना चीर गेली होती. आठवडाभराने मी मळ्यात गेलो. तो बाजेवर उशीला टेकून बसला होता, अंगाला पट्टा बांधलेला. त्याच्या आईने चहा दिला, पण माझ्याशी बोलली नाही.

मी म्हणालो, "त्या वेळी मी एक्कावन्न मागितलं, ते चुकलं."

"मला वाटलं तुला तेच पाहिजे."

"तेच पाहिजे होतं. पुढे तुला जे मिळालं ते बघून चुकलं असं वाटलं."

तो हसायला गेला आणि बरगडी धरून थांबला. "मग मला सांगायचं ना. आपण मैदानावर खेळून घेतलं असतं. सगळ्या जिल्ह्याची वजनं कशाला बदलली?"

पुढच्या वर्षी बारा वजनं परत आणायचा ठराव मीच टाईप केला. मात्र जगात व्यावसायिक बॉक्सिंगला वजनं फार झालीत आणि ती कमी करावीत, हे मला आजही पटतं. फक्त मी ते बोलू लागलो की मीच स्वतःकडे संशयाने बघतो.

त्याआधी, फायनलनंतर महिनाभराने, जिल्ह्याचा विजेता म्हणून मला राज्य स्पर्धेला पाठवलं होतं. तिथे सगळी वजनं जशीच्या तशी होती आणि एक्कावन्नमध्ये वीस-बावीस जण. परतल्यावर मित्र घरी आला. अजून वाकताना त्याचा चेहरा आक्रसायचा. त्याने सगळं विचारलं: समोर कोण होता, डावखुरा होता का, रिंग केवढी होती.

"तिन्ही राउंड टिकलो," मी म्हणालो. "थोडक्यात गेलं."

खरं तर पहिल्याच राउंडला रेफरीने लढत थांबवली होती. पेपरात दोन ओळींत तसं छापूनही आलं होतं, आणि तो रोज पेपर वाचायचा. तो मान हलवत म्हणाला, "तिसऱ्या राउंडला दमलास का?"

"थोडा," मी म्हणालो.

मग त्याने तिसऱ्या राउंडसाठी दम कसा राखायचा ते मला बराच वेळ नीट समजावून सांगितलं, आणि मी ते सगळं ऐकून घेतलं.