मोहाखालची झाडणी

चिमूरच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात माझी बदली झाली तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांचा होतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. हाताने रांधून खायचं आणि उगाच कुणावर तरी चिडायचं, एवढाच संसार उरला होता. पन्नासच्या दशकातली ती एका खोलीची शाळा. उकाडा सुरू झाला तसा वर्ग बाहेरच्या मोहाच्या झाडाखाली भरवायचं मी ठरवलं. तिथे पानगळीचा हा ढीग! एका संध्याकाळी खराटा घेतला आणि झाडाखालची जमीन लख्ख करून टाकली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच एक बाई कमरेवर टोपली घेऊन माझ्या दारात उभी. चाळिशीची, कपाळ मोकळं, पण आवाज खणखणीत.

"गुरुजी, माझ्या मोहाखाली तुमी काऊन झाडलं?"

"कचरा होता म्हणून."

"कचरा मलेबी दिसते!"

तेव्हा मला कळलं की मोहफुलांच्या दिवसांत झाडाखालची जमीन जो आधी झाडतो, त्या वर्षीची फुलं त्याची. मी कचरा काढला नव्हता, एका विधवेच्या झाडावर हक्क सांगितला होता. "सगळी फुलं तुम्हीच घ्या, बाई," मी म्हटलं. पण फुकटचं घेणारी ती नव्हती. तिला निवाडा हवा होता.

निवाडा करणारे तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. गावात त्यांचा शब्द चाले. भासऱ्यांशी भावजय बोलत नाही, म्हणून तिने पदर पुढे ओढला आणि दावणीच्या गाईला तक्रार सांगितली. भासऱ्यांनी निकालही गाईलाच दिला. "ज्यानं झाडलं त्याचं. पन मास्तर नवा हाय. औंदा फुलं अर्धी अर्धी. येचाची मात्र दोघांनीबी." मी कुणाकडे बघावं ते न कळून गाईकडेच बघत राहिलो.

मग महिनाभर रोज उजाडताना आम्ही दोघं झाडाखाली. माझे गुडघे वाजत, चष्मा घसरून टोपलीत पडे. मी एकेक फूल उचलून पारखून घ्यायचो.

"गुरुजी, फुलं येचून राह्यले का परीक्षा घेऊन राह्यले?" ती विचारी.

इतर कुणी असं बोललं असतं तर मी आठ दिवस फुगून बसलो असतो. इथे मात्र घरी जाऊन चहा गाळताना एकटाच हसायचो. फुलं संपूच नयेत असं मला वाटायला लागलं होतं.

एका सकाळी तिच्या चुलत बहिणीच्या पाटाची गोष्ट निघाली. विधवेचं दुसरं लग्न, म्हणजे पाट, तिकडे रात्री लावायची रीत. "दिवासुदा मोठा केला नाई," ती म्हणाली. "जसं काई चोरून आनली तिले. मले तर लय चीड येते, बाप्पा." मी शहाण्यासारखी मान हलवली.

फुलं सरली. मी तरीही रोज झाडत होतो. चौथ्या दिवशी ती आली.

"आता काऊन झाडता, गुरुजी?"

"तुम्ही याल म्हणून." बोलून गेलो आणि कान तापले.

"मंग माझ्या भासऱ्याइले इचारा," ती म्हणाली. "मले त्याइच्याशी बोलता येत नाई."

विचारायला मी तीनदा गेलो. पहिल्यांदा धानाच्या बियाण्यावर बोलून आलो. दुसऱ्यांदा एक कोहळा घेऊन परतलो. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, "मास्तर, काई काम होतं का?" मी म्हटलं, "गाय बरी आहे ना?"

हे तिच्या कानावर गेलंच. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी ओट्यावर दाढीला साबण लावून बसलो होतो. रस्त्याने सगळं गाव बाजाराला निघालेलं, त्यात भासरेही. ती सरळ माझ्या अंगणात आली, माझा खराटा उचलला आणि दारापासून झाडायला लागली. ओट्याशी येऊन म्हणाली, "पाय उचला." मी उचलले.

भासरे थांबले. आसपास गाय नव्हती, म्हणून त्यांनी मला विचारलं, "हे इथी काऊन झाडून राह्यली?"

मी घाईने गालाला आणखी साबण लावला. तिने पदर मागे सारला आणि जन्मात पहिल्यांदा भासऱ्यांच्या डोळ्यांत बघून बोलली.

"ज्यानं झाडलं त्याचं. तुमचाच निवाडा हाय."

भासरे एकदा तिच्याकडे, एकदा माझ्या साबणाकडे बघत राहिले आणि मग मिशीत हसले. "बरं. लावून देऊ पाट. राती, जशी रीत हाय."

तिची मान खाली गेली. हातातला खराटा थांबला. तेवढं बघितलं आणि मला माझा आवाज सापडला.

"दिवसा लावा!" मी वर्गात ओरडतो तसा ओरडलो. "भर दुपारी. मी यांना चोरून नेत नाही."

"साबन तर पुसा आधी," ती म्हणाली आणि पदराने स्वतःचेच डोळे पुसले.

पाट त्याच मोहाखाली लागला, बाराच्या उन्हात, सगळ्या गावासमोर. आदल्या संध्याकाळी ती जमीन आम्ही दोघांनी मिळून झाडली होती.