बाबांच्या गाडीचा आवाज

आज महाडच्या बाजारात जुन्या मोटारसायकलचा तेलकट धूर नाकात गेला आणि मी थेट बिरवाडीच्या अंगणात पोचले.

बाबा गेल्यावर त्यांची टू-स्ट्रोक गाडी पडवीत गंजत होती. दादाने ती सगळी खोलून पुन्हा बांधली, डोंगरात चालतील असे खडबडीत टायर लावले. टाकीचा लाल रंग मात्र बाबांच्या वेळचाच दिला. त्या संध्याकाळी तो पहिली फेरी मारून परतला, अंगण निळ्या धुराने भरलं. मला तेव्हा गाडीचंच अप्रूप.

आई लगबगीने बाहेर आली. हातात बाबांचा स्टीलचा ग्लास, त्यात त्यांना लागायचा तसा बिनसाखरेचा चहा. उंबऱ्यातच ती थबकली.

“वळणावर आवाज आला, नि चाय ठेवली गो,” ती मला म्हणाली.

जन्मात चहा न प्यायलेल्या दादाने तो ग्लास तिच्या हातून घेतला आणि पार रिकामा केला.