कदम सरांची न हलणारी गाडी

रफीकभाईंच्या गॅरेजात एक जुना डबा आहे. उरलेले नट-बोल्ट त्यात पडत राहतात, टाकवत कुणालाच नाहीत. आमच्या किस्स्यांचंही तसंच झालंय. कदम सरांच्या गाडीचे तर इतके साठलेत, की आता ते सांगितल्याशिवाय डब्याचं झाकण लागत नाही!

कदम सर लातुरात फिजिक्सचा क्लास चालवतात. मी त्याच क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतो. संध्याकाळची बॅच सुटली की आम्ही औसा रोडला रफीकभाईंकडे चहाला जमतो. नांदेडहून बदलून आलेले, रस्ते खात्यातले गायकवाड साहेबही येतात. एके दिवशी सर हैदराबादहून सेकंडहँड, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेऊन आले. आम्ही ओळखलं, क्लास जोरात चालला की माणसाचं डोकं हलतं!

पण कारण वेगळं होतं. सरांचे वडील भूकंपात गेले. जुन्या गावात, जिथं घर होतं तिथंच त्यांची समाधी आहे. आईंना एकदा तिथं दिवा लावायचा होता. पण भूकंपापासून हलणाऱ्या कशातच त्या बसत नाहीत. एसटीतून औशालाच उतरल्या, जीपमधून त्याच्याही आधी. "ही गाडी बुटकी आहे, कलत नाही," सर म्हणाले. पहिल्याच वळणाला ती कलली. आई ओरडल्या, "थांबव!" आणि चप्पल हातात घेऊन चालत घरी गेल्या.

* * *

आईंची भीती किती खरी, ते मला ठाऊक आहे. त्यांच्या घरी उतरंडीसारखे तांबे एकावर एक ठेवलेले असतात. जमीन हलली की ते पडणार, आवाज होणार, सगळे बाहेर पळणार. भूकंपानंतर आमच्याकडे घरोघरी असं करायचे, आईंनी मोडलंच नाही. एका दुपारी पाणी प्यायला उठताना माझं कोपर लागलं. "सॉरी" म्हणायला मी वळलो, तर घरात कुणीच नव्हतं! सगळे अंगणात. शेजारचेही. एक काका तर दाढीचा साबण लावलेले.

* * *

वळणावर गाडी एका अंगाला कलते. ते आवरायला खालून, डाव्या-उजव्या चाकांच्या मधे, एक आडवी सळई असते. तिला स्वे बार म्हणतात. कंपनीची काढून बाहेरची जाड टाकली की गाडी कमी कलते. एवढं साधं काम! पण निवडणार कोण? कदम सर!

त्यांनी टॉपर बॅचपुढे फळ्यावर प्रश्न लिहिला: पुढची जाड घ्यावी, मागची घ्यावी, दोन्ही घ्याव्यात, की यांपैकी नाही? मग तासभर बळं, कोन, पिळवटणं असं सगळं सुरेख समजावलं. मी दारातून ऐकत होतो, मलासुद्धा फिजिक्स आवडायला लागलं. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"सर, हे सिलॅबसमध्ये आहे?"

"नाही."

सगळ्या बॅचनं एकदम पेनांची टोपणं लावली.

* * *

नवी सळई आली ती थेट क्लासच्या ऑफिसात. चांगली जाड, वाकवलेली, काळी कुळकुळीत. सरांनी ती टेबलावर ठेवून न्याहाळायला घेतली. तेवढ्यात हदगावचे एक पालक पोराला घेऊन आत आले. त्यांनी आधी सळई पाहिली, मग सरांना पाहिलं, मग पोराला.

"ॲडमिशन पक्की करा, सर! आमच्याकडच्या मास्तरकडं नुसती छडी हाय."

पोरगं पुढे दोन वर्षं एकदाही उशिरा आलं नाही.

* * *

सळई बसवली. पण लातुरात टेस्ट कुठे घेणार? प्रत्येक वळणावर क्लास, आणि क्लाससमोर सायकलींचा ढीग! गायकवाड साहेब म्हणाले, "आमच्या नांदेडकडं चला. असं मस्त वळण बांधलंय मी, पाहातच राहाल!"

गेलो. वळण खरोखर सुंदर होतं. फक्त बरोब्बर मधोमध भलाथोरला स्पीडब्रेकर. गाडी त्यावर पोटावर बसली, ना पुढं ना मागं.

"वळणावर ब्रेकर कुणी टाकला?" सर ओरडले.

"मीच," गायकवाड साहेब शांतपणे म्हणाले. "वळण इतकं चांगलं झालं, लोक जोरात येऊन राहिले होते."

गावकऱ्यांनी गाडी उचलून दिली. जाताना एकानं विचारलं, "हिला उभं ऱ्हाता येत न्हाई का? बसूनच चालते का?"

* * *

सळईच्या टोकाला भोकं असतात. कुठल्या भोकात बसवली त्यावर तिचा ताठपणा ठरतो. रफीकभाई म्हणाले, "सरजी, बीचमे ठेवा. लई ताठ नक्को, हाडं हलतील." सरांनी सगळ्यात ताठ लावायला सांगितली. मग गाडी अजिबात कलेना, पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा पाठीला कळायला लागला. गायकवाड साहेब एकदाच शेजारी बसले आणि उतरल्यावर म्हणाले, "सर, ह्या रस्त्याचं बिल मीच पास केलंय. आज पहिल्यांदा वाचलं."

* * *

आणि तो दिवस. सर आईंना गॅरेजात घेऊन आले. आईंची अट होती: मांडीवर काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन बसणार, पाणी सांडलं की उतरणार. आम्ही सगळे गाडीभोवती उभे. सरांचा चेहरा निकालाच्या दिवशी पोरांचा असतो तसा झाला होता. मला त्यांची फार दया आली. आई बसल्या. सरांनी किल्ली लावली, अजून फिरवली नव्हती.

आणि वरचे पत्रे खडखडले. भिंतीवरचे पाने एकमेकांवर वाजायला लागले.

क्षणात आम्ही सगळे रस्त्यापलीकडच्या मोकळ्या मैदानात! सगळ्यात पुढे कदम सर. आवाज थांबला. सरांनी मागं पाहिलं, आणि तसेच उलटे पळाले. आम्ही त्यांच्या मागे.

आई गाडीतच होत्या. तांब्या मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला.

"आई, उतर! भूकंप झाला!"

"मला सांगतोस व्हय?" आई म्हणाल्या. त्यांनी तांब्यात वाकून पाहिलं. "थेंब सांडला न्हाई. बस आत. तुझ्या बापाकडं घे."