बांधीतली बेडकं

शेजाऱ्यानं आज धानावर औषध फवारलं. त्या उग्र वासानं मले पन्नास वर्षांमागं, कुही गावातल्या आमच्या शेताच्या बांधावर नेऊन उभं केलं. शेतकी हापिसातला साहेब सांगत होता, "या पावडरीनं कपाशीची कीड साफ झाली."

माझी बायको म्हणाली, "साहेब, कपाशीत पाणी साचत नाही. आमच्या धानाच्या बांधीत पाणी अस्ते, बेडकं हायेत, तेच धानावरचे तुडतुडे खातेत."

साहेब हसला. "औषध सगळीकडे सारखंच, बाई!"

मीही खेकसलो, "तू चूप बस वं!"

पावडर मारली, अन् आठ दिवसांत बेडकं पोट वर करून तरंगली. मग तुडतुडे असे माजले, की धान उभ्या उभ्या करपलं. साहेब हरामखोर पुन्हा फिरकला नाही.

बायकोले जाऊन चार महिने झाले. लोक म्हणतात, बिचारी कधी तोंड उघडत नव्हती. अरे, उघडणार कशी? ते मीच बंद केलं होतं.