कोऱ्या टाचणवहीचे सर

टाचणवही कोरी ठेवून साऱ्या मराठवाड्यात सगळ्यात जास्त तयारीनं शिकवणारा माणूस एकच झाला, आणि तो आमच्या शाळेत होता. हे मी चौथीपर्यंत शिकलेला, शाळेत घंटा देणारा शिपाई सांगून राहिलो. ज्याला पटेल त्यानं घ्यावं. टाचणवही म्हणजे उद्या काय शिकवायचं, कसं शिकवायचं, पोरांना काय विचारायचं, हे आदल्या दिवशी रकान्यांत लिहून मुख्याध्यापकांची सही घ्यायची वही. बाकीचे मास्तर ती मागच्या वर्षीच्या वहीवरून सुबक अक्षरात उतरवायचे आणि वर्गात जाऊन पुस्तक वाचायचे. सरांचं उलटं. वही कोरी, आणि पिशवीत तागडी, कंदिलाची काच, घोड्याचा नाल, एकदा तर जिवंत कोंबडी.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. शाळेच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवं रंगवायचं काम माझ्याकडं आलं, आणि न आलेल्या सगळ्या मास्तरांचं काम सरांकडं. गणित, विज्ञान, भूगोल, इतिहास, वर कबड्डी. उदगीरकडच्या किराणा दुकानदाराचा हा मुलगा दुकान सोडून शाळेत आला तो बापाची तागडी घेऊनच. तिच्यावर बीजगणित. एका पारड्यात गूळ, दुसऱ्यात वजनं, इकडून काढलं की तिकडूनही तेवढंच काढायचं. तासाच्या शेवटी आठवीला समीकरण समजलेलं असायचं आणि गूळ संपलेला असायचा. इतिहासाला त्यांनी वर्गाची दोन राज्यं केली आणि खिडकीच्या सावलीवरून लढाई लावून दिली. तीन दिवसांनी तह झाला. ती पोरं दहावी होऊन गेली तरी खालचे वर्ग तो तह पाळून होते. दुपारनंतर सावली डाव्या रांगेची.

पण ही सगळी आतषबाजी आधी माझ्या घरी व्हायची. साल दुष्काळाचं. माझी बायको दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून सांजच्याला चुलीपुढं बसायची, आणि सर दारात उभे. उद्याचा प्रत्येक धडा ते आधी तिला शिकवत. तिला अक्षर येत नव्हतं. सरांचा हिशेब सरळ होता: "मामी खडी फोडून येतात. त्यांना जो धडा जागा ठेवील, त्यापुढं पोरं काय चीज हायेत?" शाळेत सगळे मला मामा म्हणत, म्हणून ती मामी. तिनं भाकर थापता थापता हात थांबवला, काही विचारलं, की धडा पास. जांभई आली की नापास. सर मुकाट उठत आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडून सुरुवात करून आणत. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, वरच्या आळीचं माणूस तिथं पाणी घेत नसे. सरांनी पहिल्याच दिवशी चहा मागून घेतला. त्यावर गावात आठ दिवस बोलणं चाललं. सरांना त्याचा पत्ता नव्हता, कारण ते आठ दिवस ते अपूर्णांकात होते.

एकदा पाण्याचं चक्र आणलं. ढगांचे प्रकार सांगितले, बायकोला डुलकी लागली. दुसऱ्या दिवशी ढगांची चित्रं आणली, पुन्हा डुलकी. तिसऱ्या दिवशी चुलीवरच्या भगुण्यावर ताट धरलं आणि ताटाला जमलेले थेंब दाखवले. ती म्हणाली, ताट काढा, पाणी वाया चाललंय. मग म्हणाली, "आमच्या आडातलं पाणी वर गेलं म्हनता सर. मग खाली येताना ते आमचा पत्ता इसरतंय का?"

सर उठले. चहा तसाच ठेवून निघून गेले.

त्याच आठवड्यात नव्या जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले. सर अजून नोकरीत कायम झालेले नव्हते. मुख्याध्यापकांनी चारदा बजावलं होतं, की कोरी वही साहेबांच्या हाती पडली तर वर्षाच्या शेवटी सामान बांधा. दोन दिवसांत काहीतरी खरडून टाका असं मीही म्हटलं. सर म्हणाले, मामींनी पास न केलेला धडा वहीत कसा लिहू? पास केलेलेही लिहीत नव्हते, पण तो मुद्दा मी काढला नाही.

साहेबांनी वही उघडली, पानं उलटली, आणि टाचण कुठंय म्हणून विचारलं. सर म्हणाले, "घरी काढतो साहेब. मामांच्या." साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशी कामाला सुट्टी म्हणून बायको टँकरची घागर घेऊन शाळेचा रांजण भरायला आली होती. तिनं घागर खाली ठेवली, पदर सावरला आणि सांगितलं, "साहेब, भूगोल म्या दोनदा वापस केला. नावंच नावं होती. आता बरा झालाय, बसून बघा."

साहेब वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसले. सरांनी पुस्तक उघडलं नाही, ढगाचं नाव घेतलं नाही. फळ्यावर तिचा प्रश्न लिहिला आणि खडू ठेवून बाजूला उभे राहिले. त्या सालात घरी पाण्यावरून भांडण न झालेलं एकही पोर वर्गात नव्हतं. वारा, डोंगर, झाडं, समुद्र, सगळं पोरांनीच भांडून काढलं. घंटेची वेळ टळली, मी मुद्दाम दिली नाही. जाताना साहेबांनी शेरा लिहिला: टाचण समाधानकारक, लेखी ठेवावे. सर कायम झाले.

तेव्हापासून ते वही लिहू लागले, पण सगळे रकाने सोडून फक्त शेवटचा. "मामींना पटला." "मामी झोपल्या. पुन्हा." "मामी हसल्या, कारण कळले नाही." प्रत्येकावर मुख्याध्यापकांची सही आहे.

यंदा माघात ती गेली. लोक आले, देह नाशवंत आणि काय काय सांगून गेले. मी ऐकलं. सर निवृत्त होऊन लातुरात राहतात. ते एसटीनं आले. पिशवीतून एक नवी वही काढली, चुलीपुढं बसले आणि मला तिच्या जागी बसायला सांगितलं. मग पाण्याचं चक्र पहिल्यापासून शिकवलं. मी डोळे ताणून शेवटपर्यंत ऐकलं.

"कळलं का मामा?"

मी म्हटलं, हाव.

सरांनी चष्मा पुसला. "मामी नुसतं हाव कधी म्हणाल्या न्हाईत," ते म्हणाले, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: पुन्हा.

आता दर गुरुवारी दुपारच्या गाडीनं येतात. धडा तोच. मी चहा करतो, समोर बसतो, आणि विचारण्यासारखं काही सापडतं का ते शोधून राहिलो.